बाटली कोणत्या पुलाखाली बुडवली?

पुण्याची मुठा नदी स्वच्छ आहे का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. टेमघरच्या वर, डोंगरातल्या ओढ्याकाठी विचारलंत तर उत्तर हो. खडकवासल्याच्या जलाशयात विचारलंत तर बरंचसं हो. विठ्ठलवाडीला विचारलंत तर नाही. मुळा नदी मिळते तिथल्या संगम पुलाखाली तर विचारायचीही गरज नाही, पुलावर पाय ठेवण्याआधी नाक उत्तर देतं. हे सगळं एकाच नदीचं पाणी. आणि अंतर किती? सकाळी टेमघरहून सायकलवर निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला संगमावर पोचेल, एवढं.

तरीही नदीबद्दल बोलताना आपण सरसकट बोलतो. नदी प्रदूषित आहे. नदी स्वच्छ करू. नदी वाचवा. कोणता तुकडा? कोणत्या नाल्याच्या वरचा, कोणत्या कारखान्याच्या खालचा? घाण नदीत कुठे शिरते, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येतं. सरसकट बोललं की ते बोट कुणावरच ठेवावं लागत नाही. महापालिकेला हे सोयीचं, कारखानदाराला सोयीचं, आणि खरं सांगायचं तर तुम्हाआम्हालाही सोयीचं. माझा राग या सोयीवर आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ निदान मोजतं तरी तुकड्यातुकड्यानं. २०१८ च्या अहवालात देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला आणि महाराष्ट्राचा ५५ वर चढला. दोन्ही वेळा देशात सर्वांत जास्त पट्टे आपलेच. त्या चार वर्षांत देश उतरला आणि आपण चढलो. पुढारलेलं राज्य म्हणून छाती फुगवण्याआधी हे दोन आकडे पाठ करावेत.

हे पट्टे ठरतात बीओडी नावाच्या मापानं. पाण्यातली सेंद्रिय घाण पचवायला जिवाणूंना जेवढा प्राणवायू लागतो, तो म्हणजे बीओडी. आपल्याकडे नमुना तीन दिवस २७ अंश सेल्सिअसला ठेवून तो काढतात. लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर पाणी आंघोळीच्या लायकीचं धरतात. त्याच्या वर गेलं की पट्टा यादीत येतो, आणि ३० च्या वर गेलं की पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट वर्गात. २०१८ च्या यादीत मुळा आणि मुठा दोघीही या पहिल्या वर्गात होत्या.

आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. आपल्या हवामानात लिटरभर पाण्यात प्राणवायू विरघळतो तो जेमतेम आठ मिलिग्रॅम. घरातून निघालेल्या कच्च्या मैलापाण्याचा बीओडी लिटरमागे दोनशेच्या आसपास. म्हणजे एक लिटर मैलापाणी पंचवीस लिटर निर्मळ पाण्यातला सगळा प्राणवायू फस्त करू शकतं. शहरात नदी मरते ती कुणी मुद्दाम विष ओतलं म्हणून नव्हे. या साध्या गुणाकारानं मरते, रोज, सकाळी सहा ते दहा, आपण सगळे न्हाणीघरात असताना.

वरचं पाणी चांगलं असतं, त्यात आपलं कर्तृत्व काही नाही. सह्याद्रीत उतार तीव्र, पाणी काळ्या खडकावर आपटत येतं, प्रत्येक उडीला हवा पोटात घेतं. वस्ती विरळ, म्हणून मैला कमी. अशा ओढ्यातला दगड उलटा करून बघा. खाली मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या चिकटलेल्या दिसतील, चपट्या, शेपटीला दोन-तीन तंतू असलेल्या. प्राणवायू घटला की ही मंडळी सगळ्यांत आधी नाहीशी होतात. शहराच्या खालच्या गाळात याउलट रक्तासारख्या लालभडक अळ्या वळवळतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायूच्या दुष्काळातही त्या तगतात. प्रयोगशाळेचा अहवाल यायला तीन दिवस लागतात. दगड लगेच सांगतो. नदीकाठच्या प्रत्येक शाळेनं सहावी-सातवीच्या मुलांना हे दगड वाचायला शिकवलं पाहिजे.

खडकवासल्यापाशी पहिली गाठ बसते. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांत मिळून एकोणतीस टीएमसीच्या आतबाहेर पाणी मावतं, आणि पुणं त्यावर जगतं. धरणात पाणी थांबतं, गाळ खाली बसतो, पाणी निवळतं. पण ज्या जलाशयाचं पाणी लाखो लोक पितात त्याच्या काठावर फार्महाऊस, हॉटेलं, रिसॉर्ट आणि भराभर फुगलेली गावं उभी आहेत, आणि त्यांचं सांडपाणी डोंगर चढून वर जात नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघाले. माणसं हातापायातलं बळ जाऊन व्हेंटिलेटरवर गेली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. ही गावं कुठे आहेत? धरणाच्या पायथ्याशी. शहरातला सगळ्यांत चांगला म्हणवणारा पाण्याचा साठा ज्यांच्या डोक्यावर आहे, त्यांनाच शुद्धीकरण केलेलं पाणी वेळेत मिळालं नव्हतं. महापालिकेत गावं सामील करून घ्यायची घाई होते, नळ पोचवायची होत नाही. वरच्या अंगाला राहिलं म्हणजे पाणी आपोआप चांगलं मिळतं, हा समज त्या महिन्यात मोडला.

खडकवासल्याच्या भिंतीखाली जे होतं ते याहून गंभीर आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पावसाळा सरला की भिंतीखाली नदीला पाणी सोडलं जात नाही. शहराचं पाणी बंद नळातून पर्वतीला जातं, शेतीचं कालव्यातून. नदीच्या पात्राच्या वाट्याला शून्य. मग डिसेंबर ते मे या काळात म्हात्रे पुलाखाली, डेक्कनला, शिवाजीनगरला जे वाहताना दिसतं ते काय आहे? ते शहराच्या न्हाण्या, मोऱ्या आणि संडासांतून आलेलं पाणी आहे. थोडं शुद्ध केलेलं, पुष्कळसं तसंच. त्यात डोंगराचं पाणी नाही. मुळेचंही दुखणं याच जातीचं. तिच्या उगमाकडचं पाणी मुळशीच्या धरणात अडवून घाट उतरवून कोकणात भिऱ्याला वीज करायला नेतात. पुण्याच्या दोन्ही नद्यांचा वरचा भाग कापलेला आहे.

याचा अर्थ फार सरळ आहे, आणि तो कोणत्याही प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवा. समजा उद्या चमत्कार झाला आणि पुण्याचा थेंबन् थेंब मैला शुद्धीकरण केंद्रात गेला. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये सांगितल्याप्रमाणे केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी १० पर्यंत खाली आला. तरी नदीचा बीओडी १० च्या आसपासच राहणार, कारण पात्रात दुसरं पाणीच नाही. आंघोळीची मर्यादा ३. दहाचं तीन करायचं तर त्या शुद्ध केलेल्या एक लिटरमागे डोंगरातलं, बीओडी १ असलेलं, साडेतीन लिटर पाणी मिसळायला हवं. गुणाकार करून बघा, हिशोब जुळतो. धरणातून बारमाही थोडं तरी पाणी पात्रात सोडलं नाही, तर कितीही केंद्रं बांधली तरी मुठा यादीतून बाहेर पडणार नाही. नदीला नदीचं पाणी द्यायला आपण तयार नाही आणि तिच्याकडून निर्मळतेची अपेक्षा करतो.

केंद्रांचं काय झालं? जपानच्या जायका संस्थेबरोबर जानेवारी २०१६ मध्ये कर्जाचा करार झाला. ९९० कोटींचा प्रकल्प, ११ नवी केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. आधीची क्षमता ४७७ दशलक्ष लिटर. कागदावर काम नीट आखलेलं होतं. पण मुदती मागे पडत गेल्या, आणि जी वर्षं गेली त्यांतला प्रत्येक दिवस खालच्या गावांनी नाकातोंडावाटे भोगला. दरम्यान मार्च २०२२ मध्ये नदीकाठ सुधार प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. ४४ किलोमीटरचा काठ, फिरायला रस्ते, बसायला जागा. या प्रकल्पात सांडपाणी अडवणाऱ्या वाहिन्याही आहेत, हे मला मान्य आहे. मग आधी त्या पूर्ण करा, त्यातून पाणी केंद्रापर्यंत नेऊन दाखवा, वर्षभर नदीचे आकडे जाहीर करा, आणि मग काठावर बाकं मांडा. दगडी काठ बांधून बीओडी एका मिलिग्रॅमनंही उतरत नाही. झाडं तोडून बांधलेल्या काठावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्याला वास तोच येणार.

पिंपरी-चिंचवडनं पवना नदीचं पाणीही असंच कापलं आहे, आणि तिथं कापलेली जागा डोळ्यांना दिसते. रावेतच्या बंधाऱ्यातून शहर पाणी उचलतं. तिथपर्यंत पवना बरी आहे. रावेतच्या खाली शहराचे नाले एकेक करून नदीत उतरतात, त्यांत छोट्या प्लेटिंगच्या आणि रंगकामाच्या शेडमधलं पाणीही येतं, आणि दापोडीला मुळेत मिळेपर्यंत तिचं काळं पाणी झालेलं असतं. काही वर्षांपूर्वी शहराला पवना धरणातूनच थेट बंद नळानं पाणी हवं होतं. मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरला पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. त्या वादाला बाजू अनेक आहेत. पण एक गोष्ट मला कधी विसरता येत नाही. शहरासमोर दोन रस्ते होते. धरण ते रावेत नदीत पाणी वाहू द्यायचं आणि तो पट्टा जपायचा, किंवा नदीला वगळून नळ टाकायचा. नदी जपण्यापेक्षा नदीला वगळणं सोपं वाटतं, हा आपल्या शहरांचा जुना रोग आहे.

शहर संपल्यावर नदीचं काय होतं, हे शहरातल्या माणसाला कळतच नाही, कारण तो तिकडे जात नाही. बंडगार्डनच्या बंधाऱ्याखाली, मुंढव्याच्या पुढे, मांजरी, थेऊर असं पाणी पुढे जातं. थेऊरला चिंतामणीचं देऊळ नदीला लागून आहे. अष्टविनायकाच्या यात्रेला गेलेला पुणेकर हार-नारळ घेतो, दर्शन घेतो, आणि नदीकडे पाठ करून गाडीत बसतो. ती नदी त्याच्याच घरून आलेली असते.

नदी स्वतःला सुधारते, हे खरं आहे. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीवर अभ्यास करून त्याचं गणित मांडलं. मैला पडला की प्राणवायू झपाट्यानं उतरतो, तळ गाठतो, आणि मग हळूहळू पुन्हा चढायला लागतो. म्हणून सगळ्यांत वाईट पाणी बरेचदा नाल्याच्या तोंडाशी नसतं, तिथून काही तासांच्या प्रवासावर असतं. पुण्याचा मैला पुण्यात पडतो आणि त्याचा तळ हवेली-दौंडच्या गावांच्या वाट्याला येतो. जिवाणूंना काम करायला वाहतं पाणी हवं, खळखळ हवी, वेळ हवा. आपण पात्रात ठिकठिकाणी बंधारे घालून त्यांची दारं बंद केली आहेत. मागे पाणी साचतं, त्यावर जलपर्णी पसरते, खाली सूर्यप्रकाश पोचत नाही, हवा मिसळत नाही. जलपर्णी मैल्यातल्या नत्र-स्फुरदावर माजते आणि डासांना घर देते. दरवर्षी ती काढायचं टेंडर निघतं. ती जे खाते त्याचा बंदोबस्त केला तर टेंडरची गरज राहणार नाही, म्हणून हा प्रश्न विचारायला हवा की त्या टेंडरवर कुणाचं पोट आहे.

मुंढव्याच्या जॅकवेलमधून शुद्ध केलेलं सांडपाणी उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडतात. शेतकऱ्याला धरणाच्या पाण्याच्या बदल्यात हे पाणी. कल्पना वाईट नाही. सांडपाण्यात खत असतं, ऊस ते पितो. पण शुद्ध केलेलं आणि शुद्ध केलं म्हणवलेलं यात फरक आहे. कालव्याकाठच्या विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, जमीन खराब होते, ही या भागातल्या शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. पुणेकराच्या नळाला धरणाचं पाणी, आणि त्या बदल्यात जे शेतकऱ्याला मिळतं त्याचा रोजचा तपासणी अहवाल कालव्याच्या प्रत्येक मोरीवर लावायला काय हरकत आहे?

इंद्रायणीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथं आपली श्रद्धा आणि आपलं वागणं समोरासमोर येतात. कुरवंड्याला लोणावळ्याजवळ ती उगम पावते. देहूपर्यंत येताना तिला गावांचा मैला मिळतो, मोशी आणि आळंदीकडे येईतो औद्योगिक पट्ट्याचंही पाणी मिळतं. आळंदीला पात्रावर पांढरा फेस तरंगताना सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिला आहे. साबण, डिटर्जंट आणि कारखान्यातली रसायनं बंधाऱ्यावरून पडताना घुसळली जातात आणि फेस होतो. त्या फेसात वारकरी आंघोळ करतात, कारण त्यांच्यासाठी ते तीर्थ आहे. इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिळते. भीमा पुढे उजनीतून पंढरपूरला जाते आणि तिथं ती चंद्रभागा होते. म्हणजे ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पंढरपूरला निघते, तसं आळंदीचं पाणीही पंढरपूरला निघतं. वारकरी जे मागे सोडून आला असं समजतो, ते धरणाच्या वाटेनं पंढरपूरला त्याच्यासमोर येतं. भीमेला भेटायला मुळा-मुठाही येते, रांजणगाव सांडसला. दोन महापालिका, त्यांचे कारखाने आणि अर्ध्या जिल्ह्याची गावं यांचं एकत्र पाणी मग दौंडकडे निघतं.

पुणं ते उजनीच्या फुगवट्याचं वरचं टोक, शंभरेक किलोमीटर. या अंतरात बीओडी पुष्कळ उतरतो. दौंडच्या खाली नमुना घेतला तर आकडा शहरातल्यापेक्षा निश्चितच बरा दिसतो. इथं फसायचं नाही. मैल्यातली सेंद्रिय घाण जिवाणूंनी खाल्ली, पण तिच्यातला नत्र आणि स्फुरद कुठे गेला? बराचसा कुठेही नाही. अमोनियाचं नायट्रेट झालं, इतकंच. ते विरघळलेलं खत उजनीत जाऊन थांबतं. १९८० मध्ये पूर्ण झालेलं हे धरण एकशेसतरा टीएमसीच्या जवळपास पाणी साठवतं, आणि उन्हाळ्यात ते पाणी हिरवं होतं. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यकृताला घातक असं विष बनवतात, आणि पाणी उकळल्यानं ते विष जात नाही. कोळ्यांच्या जाळ्यात आता पूर्वीच्या माशांपेक्षा चिलापीच जास्त येते, कारण खराब पाण्यातही तो मासा तग धरतो. भिगवणला दरवर्षी रोहित पक्षी येतात, त्यांचे सुंदर फोटो छापून येतात, आणि ते पाहून पाणी चांगलं असणार असं लोकांना वाटतं. रोहित पक्ष्याला खतावलेल्या उथळ चिखलातलं शेवाळ आणि किडे हवे असतात. त्याला आवडलेलं पाणी माणसाला चालेलच असं नाही.

मग धरणाखाली पंढरपूर. आषाढीला लाखो लोक वाळवंटात उतरतात, डुबकी मारतात, तांब्या भरून घरी नेतात. वारीसाठी उजनीतून पाणी सोडतात, तेवढे दिवस पात्र भरलेलं असतं. २०१६ मध्ये सरकारनं नमामि चंद्रभागा अशी मोहीम जाहीर केली. घाटावर झाडू मारून चंद्रभागा साफ होणार नाही. ती साफ करायची जागा पंढरपुरात नाहीच, ती पिंपरीत आहे, पुण्यात आहे, चाकण आणि दौंडच्या कुरकुंभ एमआयडीसीत आहे. पंढरपूरनं स्वतःचा मैला आवरायलाच हवा, पण वरच्यांनी केलेलं पाप खालचा धुऊ शकत नाही. त्याच्याही खाली, कर्नाटकाच्या हद्दीजवळ टाकळीला सोलापूरकर पिण्याचं पाणी उचलतात. वरून आलेल्या मैल्यातला अमोनिया अर्धवट उरला तर शुद्धीकरण केंद्रात घातलेलं क्लोरीन तो आधी खाऊन टाकतो, आणि जंतू मारायला उरतं कमी. सोलापूरला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं तेव्हा लोक पाणी येत नाही म्हणून ओरडत. आलेल्या पाण्यात वरची किती गावं आहेत, हेही विचारायला हवं.

नमुना कुठे घेतला यावर आकडा ठरतो, तसा तो कधी घेतला यावरही ठरतो. हिरव्या पाण्यात दुपारी दोनला बाटली बुडवा. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असतं, म्हणून विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा आठाच्याही वर जाईल, अगदी डोंगरातल्या ओढ्यापेक्षा जास्त. तीच बाटली पहाटे चारला बुडवा. रात्रभर त्याच शेवाळानं आणि जिवाणूंनी प्राणवायू ओढलेला असतो, आणि आकडा माशाला मारण्याइतका खाली आलेला असतो. सरकारी कर्मचारी पहाटे चारला नदीवर जात नाही, ही त्याची चूक नाही, पण मग तिथं चोवीस तास मोजणारं यंत्र बसवा. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात नाल्यांत उन्हाळाभर साठलेला गाळ एकदम नदीत उतरतो, तळातली काळी राड ढवळली जाते, आणि मासे तरंगतात. त्याच नदीचा ऑगस्टचा आकडा देखणा असतो, कारण पुराचं पाणी. वर्षाची सरासरी काढली की जूनचे मेलेले मासे ऑगस्टच्या पुरात वाहून जातात. संगमावर दोन नद्यांचं पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतं, एक काठ वेगळा आणि दुसरा वेगळा, हेही लक्षात ठेवा. बाटली डाव्या काठाला की उजव्या, यानंही फरक पडतो.

म्हणून माझं म्हणणं असं. नदी प्रदूषित आहे की नाही, यावर परिषदा भरवणं बंद करा. प्रत्येक महापालिकेच्या, नगरपालिकेच्या आणि एमआयडीसीच्या हद्दीवर दोन ठिकाणं ठरवा. नदी हद्दीत शिरते ते एक, हद्दीतून बाहेर पडते ते दुसरं. दोन्हीकडे अहोरात्र मोजा. शिरतानाचा आकडा वरच्याचा, आणि दोहोंतला फरक तुमचा. हा फरक ज्याचा, दंड त्याचा, आणि दंडाचे पैसे मंत्रालयात जायचे नाहीत, लगेच खालच्या गावाच्या पाणी योजनेत जायचे. कारखान्यांसाठी त्याहून सोपा नियम हवा. पाणी उचलायची जागा त्यांच्या सोडायच्या जागेच्या खाली. ज्याला स्वतःचं सोडलेलं पाणी वापरायला नको वाटतं, त्यानं ते दुसऱ्यावर का सोडावं?

पुण्याला हा नियम लावता येणार नाही, त्याचं धरण वर आहे. पण मुंढव्याच्या पुलाखालचा बीओडी मिळकतकराच्या बिलावर, कराच्या रकमेखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापता येईल. आणि खडकवासल्यातून बारमाही थोडं पाणी पात्रात सोडण्याचा निर्णय एका बैठकीत होऊ शकतो. त्यासाठी जपानचं कर्ज लागत नाही, नळगळती थांबवावी लागते. गाड्या धुवायला आणि गळक्या वाहिन्यांतून जमिनीत जायला पुण्याकडे पाणी आहे, मग नदीलाही द्यावं.

तोवर एक काम तुमच्या हातात आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या ठिकाणठिकाणच्या तपासणीचे आकडे जाहीर करतं. तुमच्या गावाच्या वरच्या बाजूचं सर्वांत जवळचं ठिकाण शोधा आणि खालच्या बाजूचंही शोधा. दोन्ही आकडे कागदावर लिहा, एकातून दुसरा वजा करा, आणि मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तो फरक वाचून दाखवा. पाच वर्षांत तो किती कमी करणार, हे त्याच कागदावर त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या.